काट्याच्या सर्व्हरवर एममॅप लॉक अडकतंय, धरून बसलेला रीडर शोधायचा कसा?

वाळवा_काटा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यांचा सर्व्हर आहे. लिनक्स कर्नल ५.१५, १६ कोअर, ६४ जीबी रॅम. चार काट्यांची वजनं एका पीसीआय कार्डातून येतात. त्या कार्डाचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमधला नाही, पुरवठादाराने सोर्ससकट दिलेलं वेगळं मॉड्यूल आहे. वर एक जावा सर्व्हिस चालते, साधारण २०० थ्रेडची.

दोन-तीन दिवसांतून एकदा, बहुतेक वेळा संध्याकाळच्या गर्दीत, सर्व्हिस गप्प होते. लोड अ‍ॅव्हरेज १८० च्या पुढे, पण सीपीयू जवळजवळ रिकामा. डिस्कमध्ये काही खोट दिसत नाही. 'टॉप' चालतं, पण 'पीएस -ईएफ' अर्ध्या यादीवर येऊन थांबतं ते थांबतंच. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) १२० सेकंदांहून जास्त अडकलेल्या टास्कचे इशारे येतात. त्यात जावाचे बरेच थ्रेड असतात आणि प्रत्येकाच्या स्टॅकचं टोक सारखंच: आरडब्ल्यूसेम_डाउन_रीड_स्लोपाथ, डाउन_रीड, डू_यूजर_अ‍ॅड्र_फॉल्ट. काही वेळा यादीत 'के-ह्यूजपेजडी' (कर्नलचाच एक थ्रेड) पण असतो, काही वेळा नसतो.

विचारायचं असं आहे:
लॉक नक्की कोणी धरलंय, हे कसं काढायचं? सगळे जण वाटच बघताना दिसतात.
'किल -९' ने कधी सर्व्हिस सुटते, कधी काही केल्या सुटत नाही. हा फरक कशामुळे?
हंगाम संपेपर्यंत पुरवठादाराचा माणूस येणार नाही. तोवर काय करता येईल? काटा अर्धा तास बंद राहिला तरी ट्रॉल्यांची रांग फाट्यापर्यंत जाते. तोडलेला ऊस उन्हात वाळतो आणि वजनातली घट शेतकऱ्याच्या माथी बसते. म्हणून घाई आहे.

कृष्णाकाठ_कराड

पहिल्यांदा 'पीएस'चं सांगतो, कारण रोगाची जागा त्यातच कळते. 'पीएस -ईएफ' प्रत्येक प्रोसेसची कमांड लाइन वाचतं. ती त्या प्रोसेसच्या स्वतःच्या मेमरीत असते, म्हणून वाचताना त्या प्रोसेसचं एममॅप_लॉक (तिच्या मेमरीच्या नकाशाचं कुलूप; नुसतं बघणारे 'रीडर' ते एकत्र घेऊ शकतात, बदल करणारा 'रायटर' एकट्यानेच) रीडर म्हणून घ्यावं लागतं. ते मिळत नाही म्हणून 'पीएस' जावाच्या ओळीवर अडकतं. 'टॉप' नेहमीच्या अवस्थेत फक्त नाव आणि आकडेवारी वाचतं, त्याला हे लॉक लागत नाही. म्हणजे तुमचं अडकलेलं लॉक जावा प्रोसेसचं एममॅप_लॉक आहे, एवढं 'पीएस' न संपताच सिद्ध झालं. (५.८ च्या आधीच्या कर्नलवर याचंच नाव एममॅप_सेम होतं. जुने लेख वाचताना गोंधळू नका.)

इथून पुढे अडकलेल्या मशीनवर 'पीएस -ईएफ', 'पीग्रेप -एफ' किंवा /प्रॉक/पीआयडी/मॅप्स वाचणारं काहीही चालवू नका. प्रत्येक वेळी रांगेत एक जण वाढतो. त्याऐवजी:

पीएस -ईएलओ पीआयडी,टीआयडी,स्टॅट,डब्ल्यूचॅन,कॉम

'कॉम' म्हणजे कर्नलकडचं छोटं नाव, त्याला लॉक लागत नाही. एखाद्या थ्रेडचा कर्नल स्टॅक हवा असेल तर रूट होऊन /प्रॉक/पीआयडी/टास्क/टीआयडी/स्टॅक वाचा. त्यानेही काही अडत नाही.

मग सिसआरक्यू, म्हणजे कर्नलला थेट आदेश देण्याची सोय. /प्रॉक/सिसआरक्यू-ट्रिगर या फाइलमध्ये 'डब्ल्यू' अक्षर लिहिलं की डी अवस्थेतल्या (कशाची तरी वाट बघत अडकलेल्या) सगळ्या टास्कचे पूर्ण स्टॅक डीमेसेजमध्ये येतात. रूटने या फाइलमध्ये लिहिलं तर कर्नल.सिसआरक्यूची किंमत काय आहे याने फरक पडत नाही. दोन खबरदाऱ्या घ्या. सीरियल कन्सोल जोडलेला असेल तर आधी 'डीमेसेज -एन १' करा, नाहीतर १८० स्टॅक त्या हळू तारेवरून जाईपर्यंत मशीन आणखी जाम होतं. आणि बूट करताना लॉग_बफ_लेन=४एम द्या. नाहीतर यादीचा पहिला भाग पुसला जातो आणि नेमका हवा तो स्टॅक त्यातच असतो.

इशाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव ज्याचं, तो गुन्हेगार असं धरू नका. हंग-टास्कचा पहारेकरी (हे इशारे देणारा कर्नलचा थ्रेड) टास्कच्या यादीतून क्रमाने जातो, त्या क्रमाचा लॉकशी काही संबंध नाही. शिवाय हे इशारे मुळातच १० आहेत (कर्नल.हंग_टास्क_वॉर्निंग्ज). १० छापून झाले की पुढच्या बूटपर्यंत तो गप्प. ती किंमत -१ करून ठेवा.

तुम्ही स्टॅकचं फक्त टोक दिलंय. पेज फॉल्टच्या (हवं ते पान मेमरीत नसल्याने कर्नलकडे जाण्याच्या) खाली काय आहे ते प्रत्येक थ्रेडचं बघा. बहुतेकांच्या खाली काहीच नसेल, ते यूजर मोडमधून थेट फॉल्टमध्ये आलेले. ज्याच्या फॉल्टखाली सिस्टिम कॉल दिसेल, तो थ्रेड बाजूला काढा.

अजिंक्यतारा

कराडकरांच्या शेवटच्या ओळीशी पूर्ण सहमत. त्यात लॉकच्या आतले आकडे वाचण्याची भर घालतो. डेडलॉकमध्ये (सगळे एकमेकांसाठी कायमचे अडकलेले असतात तेव्हा) एक सोय असते, आकडे हलत नाहीत. म्हणून मशीन पाडून डंप घ्यायची गरज नाही. चालू मशीनवरच 'क्रॅश' (कर्नलची मेमरी वाचून दाखवणारं साधन) सुरू करा, फक्त त्याच बिल्डचं डीबगइन्फो असलेलं व्हीएमलिनक्स (कर्नलची मूळ फाइल) हवं. आवृत्तीचा क्रमांक जुळला पण बिल्ड वेगळं असलं तर चालत नाही, ऑफसेट चुकतात आणि खोटे आकडे खरे वाटतात. 'क्रॅश'मधलं 'पीएस' प्रोसेसची मेमरी उघडत नाही, तेव्हा ते बिनधास्त वापरा.

लॉकचा पत्ता (४४१२ च्या जागी तुमच्या जावाचा पीआयडी):

टास्क -आर एमएम ४४१२
स्ट्रक्ट -ओ एमएम_स्ट्रक्ट.एममॅप_लॉक <एमएमचा पत्ता>

मग 'स्ट्रक्ट आरडब्ल्यू_सेमाफोर <लॉकचा पत्ता>'. यात तीन गोष्टी बघायच्या: काउंट, ओनर आणि वेट_लिस्ट.

काउंट. ५.३ पासूनच्या मांडणीत ६४ बिट मशीनवर सर्वांत खालचा बिट (किंमत १) म्हणजे रायटरने लॉक घेतलंय. पुढचा (२) म्हणजे रांगेत कोणी तरी आहे. त्यापुढचा (४) म्हणजे हँडऑफ: रांगेतला पहिला जण ४ मिलिसेकंदांहून जास्त थांबलाय, आता मधून कोणी घुसायचं नाही. रीडर मोजले जातात आठव्या बिटपासून वर, म्हणजे प्रत्येक रीडरचे २५६. 'क्रॅश' हा आकडा दशमानात दाखवतं, सरळ २५६ ने भागा:

२५८ = एक रीडर लॉक धरून आहे, रांग आहे.
१२८२ = पाच रीडर, रांग आहे.
२६२ = एक रीडर, रांग, हँडऑफ.
३ = रायटरकडे लॉक, रांग आहे.
२ = लॉक कोणाकडेच नाही, तरी रांग आहे. क्षणभर असं दिसू शकतं. पाच मिनिटं असंच असेल तर जागं करण्याचा निरोप हरवलाय, तो वेगळा आजार.

या आकड्यात रांगेत थांबलेले रीडर नसतात. रीडर आधी २५६ मिळवतो, मिळालं नाही तर ते वजा करून रांगेत बसतो. म्हणून १८० जण थांबलेले असले तरी धरणारा एकच असू शकतो.

वेट_लिस्ट. रांगेतल्या प्रत्येकाची नोंद त्याच्या स्वतःच्या कर्नल स्टॅकवर असते. ती अशी छापा:

लिस्ट -ओ आरडब्ल्यूसेम_वेटर.लिस्ट -एस आरडब्ल्यूसेम_वेटर.टास्क,टाइप -एच <वेट_लिस्टचा पत्ता>

टाइप ० म्हणजे रायटर, १ म्हणजे रीडर. बहुतेक वेळा पहिला ० निघतो आणि मागे १ ची माळ. लॉक रीडरकडे असलं तरी रांगेत एक रायटर उभा राहिला की नव्याने येणारा प्रत्येक रीडर त्याच्या मागे जातो. नाहीतर रीडर येतच राहतील आणि रायटरला कधी लॉक मिळणारच नाही.

ओनर. खालचे बिट ध्वज आहेत: १ असेल तर रीडर. ते काढून उरलेला आकडा म्हणजे टास्क_स्ट्रक्टचा पत्ता.

आता धरणारा शोधायचा: 'सर्च -टी <लॉकचा पत्ता>'. हा आदेश फक्त टास्कच्या कर्नल स्टॅकमध्ये तो आकडा शोधतो. लॉक घेणाऱ्या फंक्शनने पत्ता रजिस्टरमध्ये ठेवलेला असतो, पुढच्या कॉलच्या वेळी तो स्टॅकवर उतरतो. थांबलेले सगळे सापडतीलच. त्यांच्यात ज्याच्या स्टॅकवर हा पत्ता दोन ठिकाणी आहे, एकदा वर डाउन_रीडपाशी आणि एकदा खाली दुसऱ्याच फंक्शनच्या चौकटीत, त्याच्याकडे बोट जातं. 'बीटी -एफ' करून ती खालची चौकट कोणाची ते बघा. मॉड्यूलची नावं दिसत नसतील तर आधी 'मॉड -एस' ने मॉड्यूलची डीबगइन्फो असलेली फाइल द्या. मात्र स्टॅकवर जुना कचराही पडून असतो, त्यामुळे नुसतं सापडणं पुरेसं नाही. त्या फंक्शनचं डिसअसेंब्ली उघडून तिथे खरंच लॉक घेतलंय आणि अजून सोडलेलं नाही, हे डोळ्यांनी बघा.

मिरज_जंक्शन

अजिंक्यतारा, ओनरबद्दल एक महत्त्वाची पुस्ती. रायटरच्या बाबतीत ओनर पक्का असतो. रीडरच्या बाबतीत तो फक्त 'शेवटचा कोण आला होता' एवढंच सांगतो. तो लॉक सोडून गेला तरी नाव तसंच राहतं. बिल्डमध्ये कॉन्फिग_डीबग_आरडब्ल्यूसेम्स चालू असेल तर सोडणारा स्वतःचं नाव पुसतो, पण वितरणाच्या नेहमीच्या कर्नलमध्ये हा पर्याय बंद असतो. तेव्हा ओनरमधला थ्रेड निवांत झोपलेला दिसला तर त्यात नवल नाही, आणि त्याच्यावर दिवस घालवू नका.

आणि ५.३ च्या आधीचं कर्नल कोणाकडे असेल तर वरचं कोष्टक लावू नका. जुन्या मांडणीत खालचे ३२ बिट सक्रिय संख्या, वरचे ३२ बिट ऋण भार. तिथे आठ एफ आणि मग ०००००००१ असा हेक्स आकडा दिसला तर त्याचे दोन अर्थ निघतात: 'एक रीडर आत आणि बाहेर रांग' किंवा 'एक रायटर आत आणि रांग रिकामी'. वेट_लिस्ट रिकामी आहे का, हे बघितल्याशिवाय ठरवता येत नाही.

आता 'किल -९' कधी चालतं आणि कधी नाही.

डी अवस्था दोन प्रकारची असते आणि 'पीएस'मध्ये दोन्ही 'डी'च दिसतात. एक खरीखुरी, कशानेच न उठणारी. दुसरी 'किलेबल', जीवघेण्या सिग्नलने उठणारी. एममॅप, मनमॅप, एमप्रोटेक्ट, बीआरके हे सिस्टिम कॉल लॉक रायटर म्हणून मागतात, पण किलेबल पद्धतीने. समजा रांगेत पहिला उभा रायटर तुमच्याच जावाचा थ्रेड आहे आणि मनमॅपमध्ये अडकलाय. 'किल -९' त्या प्रोसेसच्या सगळ्या थ्रेडना लागतो. तो रायटर उठतो, रांगेतून स्वतःला काढतो आणि मागच्या रीडरना वाट मिळते. गाठ सुटते, प्रोसेस मरते.

दुसऱ्या वेळी पहिला रायटर के-ह्यूजपेजडी असतो. तो कर्नल थ्रेड आहे, छोटी पानं एकत्र करून मोठं पान बनवताना तो एममॅप_लॉक रायटर म्हणून घेतो आणि तेही न उठणाऱ्या पद्धतीने. जावाला कितीही मारा, रांगेचं तोंड तोच अडवून उभा. तुमच्या प्रश्नातच हे आलंय: यादीत तो असेल त्या दिवशी 'किल -९' चालत नसणार. जुने लॉग काढून पडताळा.

आणि एक. हंग-टास्कचा पहारेकरी किलेबल टास्कना वगळतो. म्हणून पहिल्या प्रकारात रायटर यादीत येतच नाही, नुसते रीडर दिसतात आणि लोक चक्रावतात. सिसआरक्यू 'डब्ल्यू' मात्र दोन्ही प्रकार दाखवतो. निदानासाठी तोच धरा.

वाळवा_काटा

काल रात्री पुन्हा अडकलं, सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. निकाल:

काउंट २५८.
ओनरचा शेवटचा बिट १. त्या पत्त्यावर जावाचा एक कचरा-गोळा (गार्बेज कलेक्शन) थ्रेड निघाला, फ्युटेक्समध्ये शांत झोपलेला. मिरजकरांनी सांगितलं तसंच.
वेट_लिस्टमध्ये पहिला टाइप ०, के-ह्यूजपेजडी. मागे १७६ वेळा टाइप १.
१७५ थ्रेडच्या फॉल्टखाली काहीच नाही. एकाच्या खाली आहे, टीआयडी ४४३१. वरून खाली: आरडब्ल्यूसेम_डाउन_रीड_स्लोपाथ, डाउन_रीड, डू_यूजर_अ‍ॅड्र_फॉल्ट, एक्स्क_पेज_फॉल्ट, मग कॉपी_टू_यूजर, मग कार्डाच्या ड्रायव्हरचं आयओसीटीएल (उपकरणाला आदेश देणारा सिस्टिम कॉल) हाताळणारं फंक्शन, मग सिस्टिम कॉल. लॉकचा पत्ता ड्रायव्हरच्या चौकटीतही आहे.

सोर्स उघडला. तिथे एममॅप_रीड_लॉक घेतात, फाइंड_व्हीएमए ने यूजरचा बफर कोणत्या भागात येतो ते तपासतात, मग कॉपी_टू_यूजर ने वजन लिहितात आणि त्यानंतर एममॅप_रीड_अनलॉक. जुने लॉगही पाहिले. के-ह्यूजपेजडी होता त्या तिन्ही वेळा रीबूटच करावं लागलं होतं.

एक कळत नाही. तोच थ्रेड, तेच लॉक, दोन्ही वेळा रीडरच. दोन रीडर एकत्र चालतात ना? मग स्वतःलाच कसा अडकला?

अजिंक्यतारा

सापडलं. दोन रीडर एकत्र चालतात, पण मधे रायटर नसेल तोवरच. क्रम असा:

ड्रायव्हर लॉक रीडर म्हणून घेतो. काउंट २५६.
के-ह्यूजपेजडी (किंवा जावाचा एखादा मनमॅप) रायटर म्हणून येतो. आत रीडर आहे, म्हणून रांगेत बसतो. काउंट २५८.
कॉपी_टू_यूजर बफरमध्ये लिहायला जातो. ते पान अजून मेमरीत आलेलंच नाही, म्हणून पेज फॉल्ट.
फॉल्ट हाताळणारा कोड तेच लॉक रीडर म्हणून मागतो. रांगेत रायटर आहे, म्हणून मागे बसा.
रायटर पहिल्या रीडरने सोडायची वाट बघतो. पहिला रीडर, म्हणजे तोच थ्रेड, रायटरच्या मागे बसलाय.

म्हणजे ट्रॅक्टर काट्यावर चढलाय आणि त्याची दुसरी ट्रॉली रांगेत शेवटी उभी आहे. ट्रॉली आल्याशिवाय ट्रॅक्टर उतरत नाही, ट्रॅक्टर उतरल्याशिवाय रांग सरकत नाही. आरडब्ल्यू सेमाफोरला 'हा रीडर आधीपासून आत आहे' हे ओळखताच येत नाही, तो फक्त आकडा मोजतो. म्हणून एकाच थ्रेडने तेच आरडब्ल्यू सेमाफोर दोनदा रीडर म्हणून घेणं ही चूकच, रोज चाललं तरी.

रोज का अडकत नाही, याचंही उत्तर यातच आहे. तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात: ड्रायव्हर आत, बफरचं पान गैरहजर आणि नेमक्या त्या फटीत रायटर. गर्दीच्या वेळी सर्व्हिस नवे थ्रेड सुरू-बंद करते, प्रत्येक थ्रेडच्या स्टॅकसाठी एममॅप-मनमॅप होतं, म्हणजे रायटर वाढतात. आणि प्रत्येक वजनासाठी नवा बफर घेत असाल तर पान गैरहजर असण्याची शक्यताही वाढते.

दुरुस्ती छोटी आहे. ड्रायव्हरला एममॅप_लॉक घ्यायचं कारणच नाही. पत्ता यूजरच्या हद्दीत आहे का, हे कॉपी_टू_यूजर स्वतः तपासतो, आणि चुकला तर न कॉपी झालेल्या बाइटची संख्या परत देतो. फाइंड_व्हीएमए, लॉक, अनलॉक, तिन्ही ओळी काढा. कॉपी_टू_यूजर शून्य सोडून काही परत देईल तर -ईफॉल्ट परत करा. त्या तपासणीचा निकाल पुढे दुसरीकडे वापरला असेल तर उत्तर आधी कर्नलमधल्या लहान स्ट्रक्टमध्ये भरा, लॉक सोडा आणि मगच यूजरकडे कॉपी करा. डीएमएसाठी (कार्डाने थेट मेमरीत लिहिण्यासाठी) यूजरची पानं धरून ठेवणारा दुसरा आयओसीटीएल असेल तर तोही तपासा. तिथे पिन_यूजर_पेजेस_फास्ट वापरलं की लॉकचं काम ते स्वतः बघतं.

पॅच करताना चुकांचे परतीचे मार्ग ओळ ओळ वाचा. 'रिटर्न -ईइनव्हॅल' करताना अनलॉक राहिला तर काउंटमध्ये २५६ कायमचे अडकतात, आणि त्या वेळी धरणारा कोणत्याच स्टॅकवर सापडत नाही, कारण तो केव्हाच निघून गेलेला असतो. 'सर्च -टी' ला फक्त थांबलेले सापडले, आणि त्यांतल्या कोणाच्याच फॉल्टखाली कोणतीही संशयास्पद चौकट नाही, तर हा प्रकार समजा.

मिरज_जंक्शन

'कर्नल ६.४ वर गेलो तर सुटेल का' असं कोणी तरी विचारेलच, म्हणून आधीच लिहितो. ६.४ मध्ये प्रत्येक व्हीएमएचं (प्रोसेसच्या मेमरीतल्या एका सलग भागाचं) स्वतंत्र लॉक आलं, त्यामुळे बरेच फॉल्ट एममॅप_लॉकला हात न लावता निभावतात. पण ती सवलत यूजर मोडमधून आलेल्या फॉल्टना. कॉपी_टू_यूजर मधला फॉल्ट कर्नल मोडचा, तो अजूनही एममॅप_लॉककडेच जातो. तुमचा डेडलॉक तसाच राहील.

६.५ पासून हा फॉल्ट किलेबल पद्धतीने थांबतो. म्हणजे के-ह्यूजपेजडी मधे असला तरी 'किल -९' ने गाठ सुटायला हवी: फॉल्ट फसतो, कॉपी अपुरी राहते, ड्रायव्हर लॉक सोडून बाहेर येतो. पण त्याच कारणाने हंग-टास्क अशा थ्रेडबद्दल इशाराही देणार नाही. सर्व्हिस गप्प आणि लॉगमध्ये जावाचा एकही थ्रेड नाही, असं दिसेल. हे माहीत नसेल तर जास्तच दिवस जातात.

हंगाम संपेपर्यंतची सोय, माझ्या मते या क्रमाने:

/सिस/कर्नल/एमएम/ट्रान्सपरंट_ह्यूजपेज/एनेबल्ड मध्ये 'नेव्हर' लिहा आणि बूट ओळीतही ट्रान्सपरंट_ह्यूजपेज=नेव्हर ठेवा. के-ह्यूजपेजडी रायटर म्हणून येणं थांबतं, उरतात ते जावाचेच रायटर, आणि ते किलेबल. म्हणजे 'किल -९' भरवशाचं होतं. सध्या अडकलेला के-ह्यूजपेजडी मात्र याने सुटणार नाही, त्यासाठी एकदा रीबूट लागेल.

जावा सर्व्हिस सुरू होतानाच एक डायरेक्ट बफर घ्या, त्यात शून्यं भरून घ्या आणि प्रत्येक वजनाला तोच वापरा. पान ४०९६ बाइटचं असतं, भरताना प्रत्येक पानाला स्पर्श झाला पाहिजे. यामुळे फॉल्टची शक्यता खूप घटते, शून्य होत नाही: कर्नल पानं एका जागेहून दुसरीकडे हलवतो किंवा स्वॅपमध्ये टाकतो तेव्हा नोंद निघतेच.

एक छोटा पहारेकरी ठेवा. सर्व्हिसने ६० सेकंद उत्तर दिलं नाही तर आधी सिसआरक्यू 'डब्ल्यू', लॉग जतन, मग 'किल -९', मग पुन्हा सुरू. पहारेकऱ्याने पीआयडी फाइलमधून घ्यावा. 'पीग्रेप -एफ' ने शोधायला गेला तर तोही रांगेत जाऊन बसेल.

आणि तोवर या प्रोसेसवर यूप्रोब (चालू प्रोग्रॅममध्ये बसवलेला तपास-बिंदू) लावणारं ट्रेसिंगचं साधन चालवू नका. यूप्रोब बसवतानाही एममॅप_लॉक रायटर म्हणून, न उठणाऱ्या पद्धतीने घेतलं जातं. दार बंद करून खिडकी उघडल्यासारखं होईल.

हळद_पेठ

माझ्याकडची थोडी वेगळी भर. लक्षणं अशीच, लोड वर आणि सीपीयू रिकामा, पण स्टॅकच्या टोकाला परसीपीयू_आरडब्ल्यूसेम_वेट आणि खाली फाइलवर लिहिणारा कॉल दिसला, तर एममॅप_लॉकच्या मागे लागू नका. ती गोठवलेली फाइलसिस्टिम असते. बॅकअपची स्क्रिप्ट 'एफएसफ्रीझ -एफ' करते, मधेच मरते आणि 'एफएसफ्रीझ -यू' राहून जातं. इथे रायटर म्हणून लॉक धरणारा टास्क उरलेलाच नसतो, शोधून सापडणार नाही. 'एफएसफ्रीझ -यू' आणि त्या माउंटची जागा, एवढंच पुरे. तेही चालत नसेल तर सिसआरक्यू 'जे' सगळ्या गोठवलेल्या फाइलसिस्टिम सोडवतो.

आणि सीपीयू रिकामा नसून एक-दोन कोअर १०० टक्क्यांवर, लॉगमध्ये 'सॉफ्ट लॉकअप', असं असेल तर ते झोपवणारं सेमाफोर नव्हे, फिरत थांबणारं आरडब्ल्यूलॉक. इशारा साधारण २० सेकंदांनी येतो, कारण मर्यादा वॉचडॉग_थ्रेशच्या दुप्पट आणि ती मुळात १० असते. तिथला काउंट वेगळा वाचायचा: खालचा बाइट २५५ म्हणजे रायटर आत, २५६ चा बिट म्हणजे रायटर थांबलाय, आणि प्रत्येक रीडरचे ५१२. नेहमीची चूक म्हणजे साध्या संदर्भात इंटरप्ट चालू ठेवून रीड_लॉक घेणं आणि त्याच सीपीयूवरच्या इंटरप्टमध्ये त्याच लॉकवर राइट_लॉक. सिसआरक्यू 'एल' ने सगळ्या कोअरचे स्टॅक घ्या, 'डब्ल्यू' तिथे काही दाखवणार नाही.

कृष्णाकाठ_कराड

पॅच काट्यावर टाकायच्या आधी वेगळ्या मशीनवर लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारी कर्नलची तपासणी) लावून बघा. चाचणीचं कर्नल कॉन्फिग_प्रूव्ह_लॉकिंग आणि कॉन्फिग_डीबग_अ‍ॅटॉमिक_स्लीप चालू करून बांधा. मशीन बरंच मंदावतं, म्हणून प्रत्यक्ष काट्याच्या सर्व्हरवर हे कर्नल ठेवू नका.

इथे लॉकडेपचा खरा फायदा असा की डेडलॉक घडावा लागत नाही. कॉपी_टू_यूजर च्या सुरुवातीला 'इथे फॉल्ट होऊ शकतो' अशी खूण असते आणि ती एममॅप_लॉक रीडर म्हणून घेतल्यासारखी नोंद करते. पान हजर असो वा नसो, रायटर असो वा नसो, जुन्या ड्रायव्हरचा पहिलाच आयओसीटीएल 'पॉसिबल रिकर्सिव्ह लॉकिंग डिटेक्टेड' असा अहवाल देईल. तो आधी जुन्या ड्रायव्हरवर मुद्दाम घ्या. तो आला तरच चाचणीची मांडणी बरोबर आहे, हे कळेल. मग मशीन रीबूट करा, कारण पहिल्या अहवालानंतर लॉकडेप बंद पडतो आणि पुढची शांतता फसवी असते. रीबूटनंतर नवा ड्रायव्हर.

'मोडइन्फो' ने मॉड्यूलचा परवानाही बघा. जीपीएलशी न जुळणारा असेल तर मॉड्यूल चढतानाच 'डिसेबलिंग लॉक डीबगिंग ड्यू टू कर्नल टेंट' अशी ओळ येते आणि लॉकडेप तिथेच संपतो. मग चाचणीचा काही उपयोग नाही, नुसत्या सोर्सवाचनावर राहावं लागेल.

वाळवा_काटा

परवाना जीपीएलच निघाला. जुन्या ड्रायव्हरवर पहिल्याच आयओसीटीएलला अहवाल आला, आयओसीटीएलच्या फंक्शनचं नाव आणि दोन्ही लॉकच्या जागा नेमक्या त्याच. रीबूट करून पॅच केलेला चढवला, चारही काट्यांचे सगळे आयओसीटीएल चालवले, चुकीचे पत्ते आणि चुकीच्या लांब्याही मुद्दाम दिल्या. अहवाल नाही. काट्याच्या सर्व्हरवर ह्यूजपेज 'नेव्हर' आणि एकच बफर, हे दोन्ही आजच केलं. मॉड्यूल रविवारी पाळी बदलताना टाकतो. कर्नल अपडेट झालं की पॅच न केलेला जुना ड्रायव्हर परत येईल का? तो डीकेएमएसमधून (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधणाऱ्या सोयीतून) बांधला जातो.

अजिंक्यतारा

येऊ शकतो. डीकेएमएस नोंदलेल्या सोर्समधूनच पुन्हा बांधतं. म्हणून पॅच /यूएसआर/एसआरसी मधल्या त्या मॉड्यूलच्या फोल्डरवर करा, डीकेएमएस.कॉन्फ मधला पॅकेज_व्हर्जन वाढवा, त्याच क्रमांकाने फोल्डरचं नाव बदला, 'डीकेएमएस अ‍ॅड', 'बिल्ड', 'इन्स्टॉल' करा आणि जुनी आवृत्ती 'डीकेएमएस रिमूव्ह --ऑल' ने काढा. मॉड्यूल इनिटआरएएमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या छोट्या फाइलसिस्टिममध्ये) जात असेल तर ते पुन्हा बांधा, नाहीतर बूट होताना जुनंच चढेल. चढल्यावर /सिस/मॉड्यूल खालच्या त्याच्या फोल्डरमधली 'एसआरसीव्हर्जन' फाइल आणि 'मोडइन्फो'मधलं एसआरसीव्हर्जन जुळतंय का बघा. पुरवठादाराने मोड्यूल_व्हर्जन लिहिलेलं नसेल तर ही फाइल कदाचित मिळणार नाही. तशा वेळी मोड्यूल_व्हर्जनची एक ओळ पॅचमध्येच घाला.